खरवसाचा डबा

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा आहे. कडीचा, झाकणाला पोचे पडलेला. कडूबाई या वस्तीवर नव्याने नांदायला आल्या, तेव्हा त्यांनी मला भिंगारच्या बाजारातून आणले. मित्रांनो, माझे काम एकच. गाय व्यायली की तिचा चीक, म्हणजे पहिले दाट दूध, माझ्यात ओतायचा, गूळ घालायचा आणि मला उकळत्या पाण्यात ठेवायचे.

माझ्यातला खरवस सुरीने कापावा लागे. शेजारचे श्रीमंतभाऊ वाटी पुढे करत म्हणत, "वैनी, असा खरवस पंचक्रोशीत न्हाई." मग कडूबाई लाजत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. घरची रीत अशी, की गाईची वार, म्हणजे व्याल्यानंतर बाहेर येणारी झिल्ली, पडेपर्यंत वासराला पाजायचे नाही. तोवर निघेल तो चीक सगळा माझा. गेल्या दोन वेतांची वासरे हगवण लागून दगावली. ती का गेली हा प्रश्न डब्याला पडत नाही, आणि घरातही कुणी माझ्याकडे बोट दाखवले नाही.

यंदा गाय व्यायली त्या दुपारी कडूबाईंची नात ज्ञानेश्वरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बारावीचा अभ्यास मोठ्याने करत होती. रासायनिक घटकांवरून प्रथिनांचे तीन वर्ग पडतात. नुसत्या अमिनो आम्लांची असतात ती साधी, त्यांना आणखी काही जोडलेले असले तर ती संयुक्त, आणि उष्णतेने किंवा आम्लाने ज्यांचे मूळ रूप बदलते ती साधित. कडूबाई माझ्यात चीक ओतू लागल्या, तशी ती मध्येच थांबली.

"आजी, दूध कितीही उकळलं तरी वडी बसत नाही. चिकाचीच कशी बसते?"

"चीक हाय म्हनून. सरक, पानी उकळलं."

"ऐक ना. दुधात केसीन जास्त. त्याला फॉस्फरस जोडलेला, म्हणून ते संयुक्त. ते नुसत्या आचेनं गोठत नाही. चिकात ग्लोब्युलिन लई, ते साध्यात येतं. आच लागली की गोठतं, साधित होतं, मग काही केल्या पहिल्यासारखं होत नाही. आणि वासराला रोगापासून वाचवतं ते हेच, न गोठलेलं. जन्मल्या जन्मल्या पोटात जायला पाहिजे."

कडूबाईंचा हात माझ्या कडीवर तसाच राहिला. "वार पडली न्हाई अजून."

"वारेचा नि याचा काही संबंध नाही गं."

"मंग मागली दोन... तवा का न्हाई बोललीस?"

"हा धडा यंदा आलाय, आजी."

कडूबाईंनी गॅस बंद केला. मला उचलून गोठ्यात नेले, चिकात बोटे बुडवली आणि वासराच्या तोंडात दिली. ते चोखू लागले, तसे त्यांनी त्याचे तोंड माझ्यात टेकवले आणि बघता बघता मी रिकामा झालो. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

वासरू पोटभर पिऊन उरले ते दूध तिसऱ्या दिवशी माझ्या वाट्याला आले. तोवर चिकाचा दाटपणा ओसरला होता. खरवस इतका सैल बसला, की पळीने वाढावा लागला.

"वैनी, औंदा हात बिघडला जनू," श्रीमंतभाऊ म्हणाले.

"व्हय," कडूबाई एवढेच बोलल्या आणि त्यांनी श्रीमंतभाऊंच्या वाटीत आणखी एक पळी घातली.

त्याला आता महिना झाला. वासराला हगवण लागली नाही.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना घासूनपुसून ठेवा, हे मागणे आहेच. पण कुणाच्या घरी सैल खरवस पुढ्यात आला, तर नाक मुरडू नका. त्याचा घट्टपणा गोठ्यात उड्या मारत असतो.