मापाला उभी आई

विमलाबाईंच्या दशक्रियेचा फ्लेक्स छापायचा होता आणि घरात त्यांचा एक धड फोटो सापडत नव्हता. ऐकणारा हसेल, कारण मुलगा अश्विन फोटोग्राफर. जगभरची पडकी देवळं, मठ, मशिदी टिपत फिरणारा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"माझ्या मोबाईलपुढे ती कधी उभीच राहिली नाही," बहीण चैताली म्हणाली. "पदर तोंडावर घ्यायची. म्हणायची, माझा फोटू माझा अश्विन काढील. तुझ्याकडे असतील ना, दादा?"

"ढीगभर आहेत," अश्विन म्हणाला. "सगळे पाठमोरे."

वडील गेल्यावर तो आईला बरोबर नेऊ लागला. आपल्या एकलहरे गावापलीकडे फारशी न गेलेली बाई नऊवारी नेसून कंबोडियाला गेली, आर्मेनियाला गेली. काम एकच, खांबाशेजारी उभं राहायचं, म्हणजे बघणाऱ्याला खांबाची उंची कळते. तोंड मात्र भिंतीकडे. चेहरा दिसला की नजर तिथेच अडकते, मग दगड कोण बघतो? हा त्याचा नियम. विमलाबाई भिंतीकडे तोंड आहेच तर हात जोडून घ्यायच्या. चर्च असलं तरी. "देवाचं घर पडलं म्हणून काय नमस्कार करू नाय?" असं वर विचारायच्या.

गेल्या हिवाळ्यात अंजनेरीच्या पडक्या देवळांपाशी मात्र त्या ऐनवेळी वळल्या आणि खळखळून हसल्या. "आरं अश्विन, माकडानं माझी चप्पल नेली बघ!" नेमकं तेव्हाच त्याने बटण दाबलं. कोवळं ऊन, आणि मधोमध आईचा चेहरा. तो करवादला, "आई, वाया घालवलास ना फोटो!" आणि तिथल्या तिथे पुसून टाकला. त्या मुकाट्याने पुन्हा भिंतीकडे वळल्या.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. भेदरलेले डोळे, ओढलेला चेहरा. चैताली फ्लेक्सकडे बघत राहिली. "दादा, ही आपली आई वाटतच नाही रे." अश्विनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे पांगल्यावर त्याने अंजनेरीचा नंतर काढलेला फोटो उघडला. याला बक्षीस मिळालं होतं. खांबावरची नक्षी अगदी स्पष्ट, आणि शेजारी पाठमोरी आई, एक पाय अनवाणी.

"आई," तो म्हणाला, "चुलीत गेला तो खांब. एकदा इकडे बघ ना."