कोपरा कापतोय

भाच्याने हूड लेन्सवर चढवला, आट्यावर फिरवून घट्ट बसवला आणि कॅमेरा मामांच्या हातात दिला. मामांनी तो उजव्या डोळ्याला लावून भाच्याच्या कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानाच्या पांढऱ्या भिंतीवर रोखला.

"कोपरे कापतोय," ते म्हणाले.

हूड म्हणजे लेन्सच्या तोंडावरचा आडोसा. तिरपं ऊन तो आत शिरू देत नाही, पण केसभर जरी लांब झाला तरी चित्राचे चारही कोपरे काळे होतात. मामांची लेन्स त्यांच्या तरुणपणातली, तिचा कारखाना केव्हाच बंद पडलेला. मूळ हूड हरवला, तेव्हा भाच्याने महिनाभर भंगारवाल्यांच्या टोपल्या उपसून दुसऱ्याच कुठल्यातरी लेन्सचा एक चेपलेला हूड मिळवला होता. लाकडी ठोकळ्यावर चढवून त्याचे पोचे काढले, नवे आटे पाडले, आतून काळा रंग दिला. नाव ठेवायला जागा नव्हती. पण नाव ठेवणार नाहीत तर ते मामा कसले!

भाच्याने स्वतः पाहिलं. कोपरे स्वच्छ होते.

"मामा, जरा डाव्या डोळ्याने बघा."

मामांनी कुरकुरत डावा डोळा लावला. "आता दिसतात की. तू काहीतरी हलवलंस."

त्याने काहीच हलवलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक असंच भांडून गेलं होतं आणि पुढे त्याला काचबिंदू निघाला होता, नजर कडेकडेने खात जाणारा. दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो, त्यामुळे येता-जाता काही कळत नाही. कॅमेऱ्याला मात्र एकच डोळा लागतो, आणि तिथे पितळ उघडं पडतं. त्या माणसाला वेळेवर औषध मिळालं, म्हणून उरलेली नजर तरी वाचली. भाचा हे सगळं सांगणारच होता. शब्द अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात मामा बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाकडे वळले. "हा माझा भाचा बरं का. फोटोग्राफर व्हायला आला होता माझ्याकडे. नजर नाही हो, नुसते हात आहेत. म्हटलं, कानस घासत बस."

गिऱ्हाईक हसलं. बारा वर्षांपूर्वी भरल्या प्रदर्शनात, भाच्याचे फोटो भिंतीवरून उतरवून घेताना, मामा हेच बोलले होते. तेव्हापासून नात्यागोत्यात त्याचं नावच 'कानस' पडलं होतं. लग्नात बोहल्यावर चढतानासुद्धा कुणीतरी त्याला त्याच नावाने हाक मारली होती आणि बायकोने ती ऐकली होती.

त्याने हूड काढून घेतला.

"तुमचं बरोबर आहे मामा. मिलिमीटरभर लांब आहे. घासून देतो."

मामा खूश झाले. पुढच्या महिन्यात परत आले, त्याच्या पुढच्याही आले, असे वर्षभर येत राहिले. कोपरा कापलेला दिसला तर शटर दाबायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम, त्यामुळे फोटो काढून खरंखोटं करायचा प्रश्नच नव्हता. दर वेळी भाचा त्यांच्यासमोर हूड शिकंज्यात धरायचा, मिलिमीटरभर घासायचा, पत्र्याचा चुरा फुंकरीने उडवायचा. आपण मामालाच मामा बनवतोय, हा विनोद त्याला पहिल्यांदा सुचला तेव्हा तो एकटाच खूप वेळ हसला. नंतर नंतर हसू येईना, पण हातही थांबेना. उद्या सांगू, पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणत तो रेटत राहिला. आणि खरं सांगायचं तर त्याला गोड वाटत होतं. इतक्या वर्षांत मामा पहिल्यांदाच त्याच्या दारात ताटकळत बसत होते.

मधे एकदा मामींचा फोन आला. म्हणाल्या, हल्ली हे चौकटीला खांदा आपटतात, जिना उतरताना चाचपडतात. डोळे दाखवू या म्हटलं तर अंगावर येतात. कानस म्हणतो हूडच लांब आहे, मग डॉक्टर कशाला, असं विचारतात.

"तू सांग रे खरं. हूडचंच आहे ना? मी आपली उगाच घाबरते का?"

पलंगावर त्याची मुलगी झोपली होती. तिच्या अंगावरचं पांघरूण त्याने सारखं केलं.

"हूडचंच आहे, मामी."

त्यानंतर पाच महिने मामा फिरकले नाहीत. आले ते मामींचा हात धरून. हूड तोवर बोटभर रुंदीचा उरला होता. मामा बाकावर बसले आणि स्वतःच बोलू लागले. काचबिंदू निघाला. उजवा गेला, डावा अर्धा. गेलेलं परत येत नाही. वर्षभर आधी आला असतात तर होतं तेवढं राखता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाला.

"मी विचारलं होतं याला," मामी म्हणाल्या.

"त्याला बोलू नकोस," मामा म्हणाले. "तुम्ही सगळे हात धुऊन माझ्या डोळ्यांच्या मागे लागला होतात. माझं म्हणणं खरं धरलं ते या एकट्याने. माझं हट्टीपण मलाच नडलं, त्यात या पोराचा काय दोष?"

भाचा शिकंज्याजवळ, मामांच्या उजव्या हाताला उभा होता. चार हातांवर. मामांनी त्याच्यासाठी हात पुढे केला, तो समोरच्या रिकाम्या जागेत. हात तसाच राहिला. भाच्याला एक पाऊल टाकायचं होतं, नुसतं एक. त्याने श्वाससुद्धा रोखून धरला.

"कुठे गेला हा?" मामांनी विचारलं.

मामींनी भाच्याकडे पाहिलं. पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं, नीट, पायापासून डोक्यापर्यंत.

"इथे कुणी नाहीये," त्या म्हणाल्या. "चला, उठा आता."