मादी की नर

"पहाटे उठायची एवढी हौस कधीपासून लागली?" मिसोचं सूप ढवळत इवाओची बायको विचारायची. नवरा तोमेजीकाकांचे सापळे रिकामे करायला जातो, हे तिला बिचारीला कुठलं ठाऊक!

डोंगरावरचा बर्फ वितळला, की जंगलात पानांखाली वर्षभर दडलेले, पालीसारखे दिसणारे सॅलॅमँडर अंडी घालायला ओढ्यात उतरतात. बांबूच्या सापळ्यात ते धरायचे, माद्या सोडून द्यायच्या, नर काडीला टोचून धुरावर वाळवायचे आणि खाणावळीला विकायचे, ही गावची रीत. ज्याचा ओढा, त्यातलं जनावर त्याचं. इवाओनं हावरटपणानं माद्याही टोचल्या, मग त्याचा ओढा ओस पडला. लाज वाटून गप्प बसावं की नाही? तर हा दिवटा काकांच्या ओढ्यात शिरला.

एक दिवस काकांनीच त्याला वर ओढ्यावर बोलावलं. संपलं, इवाओला वाटलं, आता गावभर शोभा होणार.

काकांनी सापळ्यातला एकच एक सॅलॅमँडर ओंजळीत धरला. "अरे, पाणी तेवढंच गार आहे, मग जनावर गेलं कुठं? माझेच डोळे गेले असणार. नर समजून मी माद्याच घरी नेल्या. बघ, हा मला नर दिसतोय. मागचे पाय फुगलेत ना? खरं सांग हां, म्हाताऱ्याचं मन राखू नकोस. चुकत असेन तर आजच सापळे चुलीत घालतो."

नरच होता. पाय असे टरटरून फुगलेले, की आंधळ्याच्याही हाताला लागावेत. पण 'बरोबर आहे' म्हटलं, तर काका पुढं विचारणार, मग बाकीचे नेले कुणी?

"मादी आहे, काका," इवाओ म्हणाला. जीभ झडली नाही मेल्याची.

काकांनी हात पाण्यात बुडवून जनावर सोडलं. ओढ्यापुढं वाकून माफी मागितली, मग इवाओपुढंही वाकले. "बरं झालं तू सांगितलंस. दुसरा कोणी हसला असता रे."

इवाओला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकावं, आत्ताच सांगावं, असं फार वाटलं.

"जरा हात दे बाबा," काका म्हणाले. "उतार आहे, मला दिसत नाही नीटसं."

आणि ज्या पायवाटेनं म्हातारा जन्मभर एकटा आला-गेला, तिच्यावरून तो इवाओचा दंड घट्ट धरून, पाय चाचपत उतरू लागला.