पाठ झालेला तक्ता

माझा स्वभाव उतावळा आहे, हे मी आधीच कबूल करतो. बायको म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय आणि जिभेला चाक. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला असा स्वभाव परवडत नाही. गिऱ्हाइकाला "ही काच बरी की ती?" असं सात वेळा विचारायचं आणि सातव्यांदाही शांत राहायचं, याला वेगळंच काळीज लागतं. दुकानात मी ते कसंबसं निभावतो. घरी माझा ताबा सुटतो.

त्या महिन्यात तर मी कुणालाच आवरत नव्हतो. पोरीने सैनिकी अकादमीचा अर्ज आणला होता, तोही उड्डाण शाखेचा. अठरा वर्षांची एकुलती एक पोर, विमान चालवणार! अर्ज अकरा पानी, मुदत सोळा दिवसांची. पोरगी निवांत, तिची आई निवांत, आणि मी मात्र उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असा घरभर फिरत होतो. तिने तिसरं पान भरलं की मी चौथं वाचत उभा. तिने पेन्सिल खाली ठेवली की मी विचारणार, "काय झालं? अडलं का?"

"बाबा, मी पाणी प्यायला उठतेय," ती म्हणायची.

शेवटी मीच म्हणालो, कुणातरी जाणत्याला दाखवू. निवृत्त कॅप्टनसाहेब माझं जुनं गिऱ्हाईक. वाचायचा चष्मा ते दर वर्षी हरवायचे आणि नवा करायला माझ्याकडेच यायचे. अकादमीत त्यांनी सहा वर्षं शिकवलं होतं, मुलाखती घेणाऱ्या मंडळावरही ते बसले होते. अर्ज करणाऱ्या मुलामुलींना रविवारी सकाळी ते घरी बोलवायचे, एक पैसा न घेता. अटी दोनच: वेळेवर या, आणि अर्ज पेन्सिलीने भरून आणा. आम्ही पंचवीस मिनिटं आधी पोहोचलो. अर्थात माझ्यामुळे. वीस मिनिटं जिन्यात उभे राहिलो.

तिसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली अगदी मोजकी होती. एक टेबल, तीन खुर्च्या, खोडरबर आणि टोकं काढलेल्या पेन्सिलींचा पेला. कॅप्टनसाहेबांनी मीच बनवलेला चष्मा चढवला, पहिलं पान वाचलं आणि पोरीला विचारलं, "अकादमीतच का जायचंय?"

"तिला काय आहे साहेब, लहानपणापासूनच..." मी सुरुवात केली.

"तुम्हाला भरती व्हायचंय का?"

"नाही, मी आपलं..."

"मग गॅलरीत उभे राहा. तिथून रस्ता छान दिसतो."

मी मुकाट्याने गॅलरीत गेलो. रस्त्याकडे पाठ केली आणि कान आत लावले.

पोरीने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "नक्की सांगता येत नाही, सर. पण जिथे माझी चूक माझी असेल, अशा ठिकाणी मला जायचंय. घरी माझी प्रत्येक गोष्ट बाबा आधीच करून ठेवतात."

कॅप्टनसाहेब मोठ्याने हसले. मला काही हसू आलं नाही. त्यांनी तिच्या निबंधावर खोडरबर फिरवलं. "एका परिच्छेदात चारदा देशसेवा! हे सगळेच लिहितात, आणि वाचणाऱ्याला तिसऱ्या अर्जानंतर झोप येते. आत्ता बोललीस ना, ते लिही." मग ते एकेक पान उलटत गेले. शिफारसपत्र मुख्याध्यापकांचं नको, जिने तुला पडताना पाहिलंय अशा शिक्षिकेचं आण. खेळात बक्षीस नसेल तर नाही म्हणून लिही. पोरगी टिपून घेत होती. माणूस कामाचा होता, हे मला गॅलरीतूनही कळत होतं.

"आता शरीर," ते म्हणाले. "धावणं, दात, कान, डोळे. यांतलं कच्चं काय?"

इथे मला राहवलं नाही. मी दारातून डोकं आत घातलं. "डोळ्यांचं तर विचारूच नका, साहेब! चष्मेवाल्याची पोर आहे, हातच्या कांकणाला आरसा कशाला? दर वाढदिवसाला मी स्वतः तपासतो. शेवटची ओळ घडाघडा वाचते. आमच्या घरात चष्मा नाही."

कॅप्टनसाहेब उठले आणि तिला गॅलरीत घेऊन आले. "तो बसथांबा दिसतोय? बस उभी आहे. नंबर वाच."

पोरीने पाहिलं. डोळे बारीक केले, कठड्यावरून थोडी पुढे झुकली.

"निळी बस आहे," ती म्हणाली.

"नंबर."

"अठ्ठावीस?"

नंबर त्रेसष्ट होता. मला बावन्नाव्या वर्षी, चष्म्याशिवाय, स्वच्छ दिसत होता.

बस निघून गेली. मग कॅप्टनसाहेबांनी मला विचारलं, "दुकानातला तक्ता किती वर्षांचा आहे?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो तक्ता पोरीपेक्षा मोठा होता. तिची आई शाळेत गणित शिकवायला जायची, म्हणून तीन वर्षांची पोर दिवसभर माझ्या दुकानात स्टुलावर बसायची. गिऱ्हाईक वाचायचं, ही मागून म्हणायची. मला कोण कौतुक! बाराखडीच्या आधी तिला तो तक्ता पाठ झाला होता. गिऱ्हाइकाला मी मशीनसमोर बसवायचो, नंबराची चिठ्ठी काढायचो, मग वर तक्ताही वाचून घ्यायचो. घरच्या मुलीला मशीन कशाला? ती तर सगळं वाचते!

"घाबरायचं काही नाही," कॅप्टनसाहेब पोरीला म्हणाले. "उड्डाणाला चष्मा चालत नाही. जमिनीवरच्या शाखांना उणे अडीचपर्यंत चालतो. नीट तपासून घे, जे असेल ते लिही आणि शाखा बदल. अर्जात खोटं घातलंस तर ते तुझ्याबरोबर आत येतं, आणि एक दिवस भलत्याच माणसाच्या अंगावर पडतं. एवढंच सांगायचंय."

रविवार असूनही मी दुकान उघडलं आणि तिला मशीनसमोर बसवलं. चिठ्ठी बाहेर आली. उजवा उणे दीड, डावा उणे पावणेदोन. मी पुन्हा बसवलं. तेच आलं. तिसऱ्यांदा मशीनची भिंगं पुसून बसवलं. मशीन माझ्यासारखं उतावळं नव्हतं, त्याने तिसऱ्यांदाही तेच सांगितलं. अख्ख्या गावाचे डोळे तपासणारा मी, आणि माझ्याच दिव्याखाली हा अंधार. पोरगी स्टुलावर बसून नखं बघत होती. मला वाटलं, तिला धक्का बसलाय.

आणि मग माझ्या डोक्याने उचल खाल्ली. अर्जाच्या सातव्या पानावर दृष्टीचा दाखला होता. नोंदणीकृत चष्मेवाल्याची सही आणि शिक्का चालत होता. पहिली तपासणी आमच्याच शहरातल्या केंद्रावर, आणि तिथे लटकणारा तक्ता मीच पुरवलेला, माझ्या दुकानातल्याचा जुळा भाऊ. मशीन होतं ते थेट अकादमीत, दुसऱ्या फेरीला, पाच महिन्यांनी. तोवर डोळ्यांचं ऑपरेशन करून घेता येईल. कोण विचारतंय?

जेवताना मी हे सगळं मांडलं. मला वाटलं, मी तोडगा काढलाय.

"तिला उडायचंय की तुला?" बायकोने विचारलं.

"तिच्याच भल्यासाठी बोलतोय मी!"

"तेच म्हणते. तिला विचार."

मी विचारलं नाही. सकाळी सातवं पान घेतलं, "दृष्टी निर्दोष" असं लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. तीस वर्षांत त्या शिक्क्याने मी एकही खोटी ओळ दाबली नव्हती. शिक्का जरा तिरका उमटला, हेही सांगून टाकतो. पोरीने पान घेतलं, वाचलं, फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "बरं." बस, एवढंच. मी रागवायला तयार होतो, समजूत घालायला तयार होतो, आणि ही म्हणते बरं!

पुढचे तीन दिवस माझे काय गेले, ते माझं मला ठाऊक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. एका शिक्षिकेचा चष्मा शिंप्याला दिला आणि शिंप्याचा शिक्षिकेला. दुकानाच्या दारात कुणी थांबलं की वाटायचं, हा चौकशीला आला. रोज पोरीला विचारायचो, "अर्ज पाठवलास?" ती म्हणायची, "पाठवते." तिने तो पाठवावा असं वाटत होतं, आणि पाठवू नये असंही.

चौथ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. मी एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होतो. मान वर केली तर दारात काळ्या फ्रेमचा चष्मा लावलेली एक मुलगी. "या, बसा," मी म्हणालो. मग ओळखलं.

आजोबा जाईपर्यंत मी कळ काढली. कशी काढली ते विचारू नका.

"कुठून आणलास हा?"

"पुलापलीकडे डोळ्यांच्या एक डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे तपासले आणि खालच्या दुकानातून चष्मा घेतला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बापाचं दुकान असताना? लोक काय म्हणतील मला?"

"बापाच्या दुकानात मी काय वाचलं असतं, बाबा?"

ती स्टुलावर बसली आणि फाइल मांडीवर घेतली.

"मला सहावीपासून दिसत नव्हतं," ती म्हणाली. "फळ्यावरचं मी शेजारणीच्या वहीतून उतरवायचे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचात, माझ्या घरात चष्मा नाही. वाढदिवसाला मी शेवटची ओळ म्हटली की तुम्ही किती खूश व्हायचात. एकदा न दिसता म्हटली. मग दर वर्षी म्हणावी लागली. वाटलं होतं, होईल आपोआप बरं." ती थांबली. "त्या दिवशी तुम्ही शिक्का मारलात तेव्हा भीती वाटली. माझ्यामुळे तुम्हीही तेच करायला लागलात."

मला रडू येत होतं, आणि ते मी लपवलंही नाही.

तिने फाइलमधून माझं सातवं पान काढून काउंटरवर ठेवलं. कॅप्टनसाहेबांकडून तिने कोरं पान आणलं होतं, त्यावर डॉक्टरांनी खरे आकडे भरले होते. पहिल्या पानावरची उड्डाण शाखा खोडून तिथे तांत्रिक शाखा लिहिली होती.

"म्हणजे विमान नाही," मी म्हणालो.

"विमानं दुरुस्त करणाऱ्याला चष्मा चालतो. काल खूप रडले मी, आईला विचारा. आज नाही रडायचं ठरवलंय." तिने पेन पुढे केलं. "कॅप्टन सर म्हणाले, आता मुलाखत तुझी तू दे, कदाचित घेतील, कदाचित नाही. पालकाची सही राहिलीय. मुदत उद्या संपते."

मी पान जवळ ओढलं. पालकाचा व्यवसाय: चष्म्याचे दुकान. त्याखाली दोनच ओळींवर उमेदवाराच्या चष्म्याचा नंबर. मंडळावरचे लोक वाचून हसणार, हे नक्की. मी सही केली. शिक्क्याची गरजच नव्हती.

मग सवयीने माझे हात तिच्या चष्म्याकडे गेले. काडी सैल असेल, नाकावरून घसरत असेल, तेवढं तरी नीट करून देऊ म्हटलं. पण चष्मा चोख बसला होता. नाकावर, कानामागे, कुठेच बोट घालायला जागा नव्हती. कुणीतरी माझ्या लेकीला समोर बसवून, तुला काय दिसतं असं विचारलं होतं, आणि उत्तर येईपर्यंत ते माणूस थांबलं होतं.

"छान बसलाय," मी म्हणालो आणि हात मागे घेतले.