मागच्या बाकांचं अपील

चिंचेचा दावा यंदा बबनरावांची नात लढणार, हे कळलं तेव्हा देवराव वकील चहा पिता पिता थांबले.

"कोणत्या बाजूनं?" त्यांनी विचारलं.

"वादीच्या," विधी महाविद्यालयाचा शिपाई फुलसिंग म्हणाला. "मोठी हुशार पोट्टी हाय, साहेब. आजोबावर गेली."

"आजोबा काही एवढा हुशार नव्हता," देवराव म्हणाले आणि अर्धा कप तसाच ठेवून उठले.

यवतमाळात आर्णी रोडवरचं हे विधी महाविद्यालय आज तीन मजली आहे. लिफ्ट आहे, गारेगार ग्रंथालय आहे, दारात मुलांच्या मोटारसायकलींची रांग असते. पण सुरू झालं तेव्हा ते एका बंद जिनिंगमधलं कापसाचं गोदाम होतं. सरकारचा रुपया नाही, संस्थेचा बोर्ड नाही. महल्ले वकिलांनी जिनिंगच्या मालकाला गळ घालून जागा मिळवली, शाळेतून मोडके बाक आणले आणि संध्याकाळचे वर्ग सुरू केले. शिकणारे सगळे पोटामागे लागलेले. कुणी मास्तर, कुणी तलाठी, कुणी बँकेतला कारकून. शिकवता शिकवता महल्ले वकिलांच्या काळ्या कोटावर छतातला कापूस उडून बसायचा. शेजारच्या गोदामातले हमाल काम आटोपलं की मागच्या बाकांवर येऊन टेकायचे. त्यांना कुणी उठवत नसे. उलट महल्ले वकील म्हणायचे, "बसू द्या. ह्या लोकांले समजलं नाही, तर तुम्हालेही समजलं नाही असं मी धरतो."

त्यांनीच दर वर्षाच्या अभिरूप न्यायालयाला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या खटल्याला, एक दावा लावून दिला. दोन शेतांच्या मधल्या धुऱ्यावर चिंचेचं झाड. झाड प्रतिवादीचं, सावली वादीच्या कपाशीवर. सावलीत कपाशी धरत नाही, म्हणून झाड तोडा, अशी वादीची मागणी. दरवर्षी हाच दावा, मात्र आधीच्या कुणाचाही युक्तिवाद पुन्हा करायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण चिंचेवर कुऱ्हाड मारा म्हणणाऱ्याच्या बाजूनं कोण उभं राहणार? प्रतिवादी चिंचेखाली जेवणारी म्हातारी उभी करायचा, पाखरं उभी करायचा, आणि वादी हरायचा. इतक्या वर्षांत वादीच्या बाजूनं जिंकलेला माणूस एकच. देवराव.

त्यांचा फोटो खालच्या व्हरांड्यात महल्ले वकिलांच्या फोटोशेजारी होता. बोरी अरबहून सायकल मारत शिकायला आलेला, हमालांच्याच वस्तीत खोली घेतलेला, गालफडं बसलेला तरुण. खाली लिहिलं होतं, 'वादीतर्फे विजयी'. पुढे देवरावांची वकिली भाडेकरारात, वारसाच्या अर्जांत आणि प्रतिज्ञापत्रांत गेली. बरोबर शिकलेल्या बबनरावांची मात्र नागपूर खंडपीठापर्यंत पोचली. घरी तुरीची, सोयाबीनची शेती, दारात गाडी, बारच्या निवडणुकीत प्रत्येक वेळी निवडून. देवरावांना त्यातलं काहीच नाही असं नव्हतं. घर होतं, प्रभावतीबाई होत्या, मुलगा मार्गी लागला होता. पण बबनरावांची गाडी कोर्टाच्या फाटकातून आत आली की ते सगळं देवरावांना थोडं वाटायचं, आयुष्यभर वाटत राहिलं. अशा वेळी ते मनातल्या मनात व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. तो फोटो बबनरावांचा नव्हता.

कारण त्या वर्षी त्यांच्यासमोर प्रतिवादीच्या बाजूनं बबनरावच उभे होते.

आणि बबनरावांनी तो विजय कधीच मानला नव्हता. त्यालाही कारण होतं. न्यायाधीश म्हणून बसलेल्या महल्ले वकिलांनी निकाल बबनरावांच्या बाजूनं दिला होता. पण त्यांनी एक रीत ठेवली होती. हरलेल्याला निकाल पटला नाही, तर तो मागच्या बाकांकडे अपील करू शकत असे. हमालांनी हात वर करायचे. तोवर कुणी ते मागितलं नव्हतं. देवरावांनी मागितलं, आणि मागचे सगळे हात वर गेले.

"ते तुह्याच वस्तीतले होते, देवा," बबनराव बाररूममध्ये सगळ्यांदेखत हसत म्हणायचे. "घरच्या माणसायनं हात वर केले, त्याले कोणी जिंकणं म्हणते काय?"

देवरावही हसायचे. घरी येऊन जेवायचे नाहीत.

जिनिंग पडलं, हमाल पांगले, महल्ले वकील गेले, इमारत उठली. बाररूममधल्यांना तो नुसता थट्टेचा विषय होता; अपिलाची रीत कुणाच्या लक्षात राहिली नाही. ती माहीत असलेले दोघेच उरले होते. एक देवराव, जे आता दरवर्षी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसत. दुसरे बबनराव.

कार्यक्रमाच्या सकाळी प्रभावतीबाईंनी कोटाला इस्त्री करून दिली.

"ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. "बबनरावाचा राग त्या लेकराच्या डोक्यावर काढू नका."

"मले कायचा राग?"

"मंग काल रातच्याले पोळी तशीच ताटात काहून होती?"

देवरावांनी कोट घातला आणि ते निघाले.

सभागृह भरलं होतं. बबनराव पहिल्या रांगेत, पांढऱ्याशुभ्र सफारीत. मागच्या बाकांवर कँटीनच्या नंदाबाई, फुलसिंग, पाहुण्यांचे ड्रायव्हर, झाडूवाल्या सुखीबाई. मागे बसायचं ते याच लोकांनी, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं.

प्रतिवादीच्या मुलानं म्हातारी आणली, पाखरं आणली, टाळ्या घेतल्या. मग बबनरावांची नात अपेक्षा उठली. बारीक चणीची, आवाज खणखणीत. सुरुवातीलाच तिनं सांगितलं, "महोदय, ते झाड तोडू नये असं माझंही मत आहे."

सभागृहात हसू फुटलं. देवराव सावरून बसले.

"झाड राहू द्या," ती म्हणाली. "म्हातारीला जेवू द्या, पाखरांना बसू द्या. पण ती जेवते ती सावली माझ्या अशिलाच्या कपाशीवर पडते, त्याचं काय? जितकी जमीन त्या सावलीखाली गेली, ती प्रतिवादीनं घ्यावी आणि तितकीच दुसऱ्या टोकाला माझ्या अशिलाला द्यावी. चिंच त्यांची आहे ना? मग तिची सावलीही त्यांच्याच शेतात पडू द्या."

देवरावांनी पेन खाली ठेवलं. त्यांना स्वतःचा युक्तिवाद आठवला. दुसऱ्याच्या सावलीत वाढणाऱ्याचं खुरटणं त्यांनी सांगितलं होतं, पोटातून सांगितलं होतं, हमाल त्यावरच हलले होते. पण अखेर त्यांनी झाडच तोडायला मागितलं होतं. ह्या पोरीनं झाडही ठेवलं आणि शेतही मिळवलं. हे त्या वयात आपल्याला का सुचलं नाही? शेत असलेल्याच्या घरात जन्मली म्हणून सुचलं असेल, त्यांनी मनाला सांगितलं. मनानं ऐकलं नाही.

निकालाची वेळ आली. त्यांनी चष्मा पुसला. व्हरांड्यात आपल्या शेजारी टांगलेला पोरीचा फोटो त्यांना आताच दिसायला लागला होता, आणि त्याच्याखाली उभा राहून हसणारा बबनही.

"वादीच्या वकिलांचा युक्तिवाद नवा आहे," ते म्हणाले. "परंतु दाव्यात मागणी झाड तोडण्याची आहे. जे मागितलं नाही ते न्यायालयाला देता येत नाही. सबब दावा फेटाळण्यात येतो."

निकाल कायद्याला धरून वाटत होता. पण प्रत्येक दाव्याच्या शेवटी 'न्यायालयास योग्य वाटेल तो अन्य हुकूम व्हावा' अशी एक ओळ असते. देवरावांनी ती जन्मभर टंकलेखकाला सांगितली होती. चिंचेच्या दाव्यातही ती होती. अपेक्षा ती दाखवायला विसरली आणि देवरावांनी ती पाहिली नाही.

पोरीचा चेहरा उतरला. तिनं मान झुकवली, कागद गोळा केले. देवराव खुर्चीतून उठेनात. रीत सांगायची ती आताच. एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी समोर बघितलं. बबनराव त्यांच्याकडेच बघत होते, ओठ घट्ट मिटून.

देवरावांच्या सगळं ध्यानात आलं. बबनलाही रीत आठवते आहे. पण तो बोलणार कसा? नातीसाठी अपील मागायचं, तर मागच्या बाकांचा कौल खरा मानावा लागतो. मग देवरावाचाही खरा ठरतो. बोल ना आता, देवराव मनात म्हणाले. त्यांना बरं वाटत होतं. इतकं बरं, की त्यांची त्यांनाच लाज वाटली, तरी ते बोलले नाहीत.

प्राचार्य आभार मानायला माईककडे निघाले. अपेक्षानं डोळ्यांच्या कडा कोटाच्या बाहीनं टिपल्या. तेव्हा बबनराव उठले.

"थांबा जी, प्राचार्य," ते म्हणाले. "अपील बाकी हाय."

"कोणतं अपील, बबनरावजी?"

"महल्ले वकिलायची रीत व्हती. मागच्या बाकायकडं अपील. न्यायाधीश साहेबायले इचारा." त्यांनी देवरावांकडे बोट केलं. "ते स्वतः त्याच अपिलात जिंकले. माह्यावर. सरळ जिंकले."

सभागृह देवरावांकडे वळलं. इतक्या वर्षांत ज्या शब्दांसाठी त्यांनी वाट पाहिली ते शब्द भर सभेत, माईकशिवाय, मागपर्यंत ऐकू गेले होते. आणि देवरावांना काय वाटलं? वाटलं, ह्या माणसाला नातीसाठी एवढं सोडता येतं. माझ्यानं एक वाक्य बोलवलं नाही. ह्यातही तो पुढे गेला.

"रीत आहे," ते सावकाश म्हणाले. "आणि दाव्यात शेवटची ओळ अन्य हुकुमाची आहे, ती माझ्या नजरेतून... ती मी घेतली नाही. मागच्या बाकांनी ठरवावं."

मागे कुजबुज झाली. "आमी ठरवाचं?" सुखीबाईंनी फुलसिंगला कोपर मारलं. नंदाबाई उभ्याच राहिल्या. "चिंचबी राहते, वावरबी मिळते, अजून काय पाहिजे त्या माणसाले?" आणि त्यांनी हात वर केला. मग ड्रायव्हरांचे, सुखीबाईंचे, फुलसिंगचा. एकही हात खाली राहिला नाही. बबनरावांच्या वस्तीतलं तिथं कुणी नव्हतं.

टाळ्यांमध्ये अपेक्षा खुर्चीपाशी आली आणि वाकून देवरावांच्या पाया पडली. मन मागे ओढत होतं, तरी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बबनराव दारात थांबले होते. "चाल देवा, गाडीनं सोडतो."

"नको. मी जातो माह्या पायानं."

"अजून जळून राह्यला काय बे?"

"हो," देवराव म्हणाले. बबनराव खो खो हसले, आणि या वेळी देवरावांना जेवण सोडण्यासारखं काही वाटलं नाही.

आठवडा झाला असेल. फुलसिंग व्हरांड्यात स्टुलावर चढून खिळा ठोकत होता. बाजूला अपेक्षाचा फोटो भिंतीला टेकवलेला. देवराव येऊन खाली उभे राहिले.

"इथं ठोकू, साहेब?"

"जरा डावीकडे. माह्या फोटोला लागूनच राहू दे."

फुलसिंगनं खिळा सरकवला.

"अन् थोडा खाली घे," देवराव म्हणाले. "बोटभर."