तीन जन्मांची श्रावणी

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या गल्लीत रिक्षा शिरेना. पुढे सगळा चपलांचा ढीग. शर्मिष्ठा बॅग उचलून पायीच निघाली. घरमालकांकडे कुणी वारलं की काय, या विचारानं तिनं भराभर पावलं उचलली. पण दाराला झेंडूचं तोरण होतं आणि अंगणात अख्खा पारा, सगळी वस्तीच, हात जोडून बसला होता.

शर्मिष्ठा कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवायची आणि या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ध्याला माहेरी गेली होती, ती आज परतत होती.

"मॅडम, तुमी गेल्या अन् आमच्या घरी देव आला," घरमालकीण वनमालाबाईंनी तिचा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. "आमची श्रावणी मंत्र म्हणून राहिली. संस्कृत, पाली, अरबी. सहा वर्षांची पोट्टी, तिले कोणं शिकवलं असंल?"

नात श्रावणी खुर्चीत बसवलेली होती. गळ्यातला जाड हार टोचत होता, म्हणून ती सारखी मान खाजवत होती. शेजारी भगव्या रेशमात स्वामी समन्वयानंद.

"पहले जन्म में यह ऋषि थी," स्वामींनी एक बोट वर केलं. "दूसरे में भिक्षु. तीसरे में फ़क़ीर. जो बड़े-बड़े विद्वान पोथियों में ढूँढते हैं, वह इस बालिका की जिह्वा पर बैठा है."

विद्वानांचा उल्लेख झाला तशी शर्मिष्ठा मागच्या रांगेत गुपचूप बसली.

श्रावणीनं सुरुवात केली. संस्कृत स्वच्छ होतं. पाली बरं होतं. अरबी प्रार्थनेत मात्र एक अक्षर घसरलं, आणि शर्मिष्ठाचे कान टवकारले. नेमक्या त्याच अक्षराला तिची स्वतःची जीभ घसरायची. अरबीच्या एका प्राध्यापकांनी तिला त्यावरून दोनदा टोकलंही होतं.

प्रार्थना संपली. मुलीनं घसा खाकरला आणि गंभीरपणे विचारलं, "आवाज़ आ रही है?"

"आ रही है, माता," अंगण एका सुरात म्हणालं.

"सुना?" स्वामींचा स्वर हळवा झाला. "परमात्मा पूछ रहा है, मेरी पुकार तुम तक पहुँची?"

"सब जुड़ गए?" श्रावणीनं पुढे विचारलं.

"सब धर्म जुड़ गए," स्वामींनी अर्थ सांगितला. दोन बायका रडू लागल्या.

शर्मिष्ठाला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या काकूंना वाटलं हिच्याही अंगात येतंय. त्या जरा सरकून बसल्या.

हसू ओसरलं ते स्वयंपाकघराच्या दाराकडे लक्ष गेल्यावर. तिथं श्रावणीची आई राधिका इस्त्री केलेला शाळेचा गणवेश छातीशी धरून उभी होती. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. "उद्या घेऊन चालले तिले नवा रायपूरच्या आश्रमात," ती पुटपुटली. "म्हणे, देवीले शाळा कशाले पायजे."

शर्मिष्ठा उठली आणि सरळ खुर्चीपाशी जाऊन उकिडवी बसली.

"श्रावणी, हे कुठं शिकली गं?"

"तुमच्याकडून," श्रावणी म्हणाली. "तुम्ही जिन्यात बसून लॅपटॉपमध्ये शिकवता ना. मी खाली चित्रं काढते."

वरच्या खोलीत नेटवर्क नव्हतं, म्हणून शर्मिष्ठा सगळे ऑनलाइन तास जिन्यात बसून घ्यायची. खाली कुणी बसतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस घरी?"

"कुणी विचारलंच नाही."

"माया," स्वामी घाईनं म्हणाले. "बालिका को भ्रम हो रहा है."

"मग पारखून पाहू," शर्मिष्ठा म्हणाली. तिनं फोनवर जुन्या तासाचं रेकॉर्डिंग लावलं. अंगणात तिचाच आवाज घुमला: तेच मंत्र, तेच घसरलेलं अक्षर, तेच खाकरणं, आणि शेवटी, आवाज़ आ रही है? सब जुड़ गए? यावेळी 'आ रही है, माता' ऐवजी मागून कुणीतरी फिसकन हसलं.

मग तिनं पालीतली एक नवी ओळ अर्धी म्हटली. "स्वामीजी म्हणतात तू भिक्षु होतीस. पुढचं म्हण बरं."

"हे तुम्ही अजून शिकवलं नाही," श्रावणी म्हणाली.

"लीला है," असं म्हणत स्वामी उठले. गाडीत बसेपर्यंत ते चपला शोधत होते, पण त्या ढिगात कुणाच्याच चपला सापडण्याजोग्या नव्हत्या.

वनमालाबाई खुर्चीजवळ सुन्न बसल्या होत्या. "म्हणजे माझ्या पोट्टीत काहीच नाही का, मॅडम?"

"आहे ना, काकू," शर्मिष्ठा म्हणाली. "माझे एम.ए.चे विद्यार्थी वर्षभर घोकतात, ते हिला चित्रं काढता काढता पाठ झालं. हिचे कान आणि हिची बुद्धी, दोन्ही हिचीच. मागच्या जन्मांच्या नावावर कशाला लिहून देता?"

राधिकानं पुढे होऊन मुलीच्या गळ्यातला हार काढला.

अंगण रिकामं होण्याआधी शर्मिष्ठा सगळ्यांकडे वळली. "तुमचा देव, तुमची श्रद्धा तुमच्याजवळ राहू द्या. मी सगळ्या धर्मांची पुस्तकं वाचते, आणि प्रत्येकात प्रश्न विचारणारी माणसं भेटतात. तुम्हीही विचारत जा. इथं अख्खा पारा देवाला हात जोडून बसला होता, अन् मुलीला तेवढं 'कुठं शिकली' असं कुणी विचारलं नाही."