रक्षूचा बाबा

"म्हण गं परत एकदा. रामनगर."

पडवीच्या पायरीवर बसलेल्या रक्षितानं आधी बापाकडं पाहिलं, मग त्याच्या हातातल्या फोनकडं. "र... र-र..." तिची मान एका बाजूला वळली, ओठ थरथरले, पण शब्द काही केल्या बाहेर येईना. मग तो अचानक सुटला. "रामनगर!" आणि ती स्वतःच खुदकन हसली. शिवानंदही हसला. याहून गोड काही असेल असं त्याला त्या घडीला वाटलं नाही.

रक्षिता तेव्हा तिसरीत होती.

गुंद गावात शिवानंदचं नाव निघायचं ते तो बाईमाणसासारखा घरी बसतो म्हणून. त्याची बायको तुळजा रामनगरच्या दवाखान्यात नर्स होती आणि मूल तो सांभाळायचा. लग्नाआधी कुळगीच्या निसर्ग शिबिरात तो पर्यटकांना जंगल दाखवी. ते काम हंगामी. तुळजाची नोकरी कायमची. तिची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा दोघांपैकी एकानं घरी राहणं भाग होतं. त्याची म्हातारी आई येसू घरात होती, पण तिला दिसायचं कमी. दूध उतू गेलेलंसुद्धा तिला करपल्या वासावरून कळायचं. "मी ऱ्हातो घरी," असं शिवानंद आपणहून म्हणाला. तुळजानं रामनगरात खोली घेतली, आणि ती सुट्टीला तेवढी घरी येऊ लागली.

गावात चेष्टा व्हायची ती झालीच. "शिवा, लंगोट वाळलं काय रे?" शेजारचा लक्ष्मण मळणीला जमलेल्या माणसांसमोर विचारायचा. शिवानंद सगळ्यांबरोबर हसायचा आणि घरी येऊन उगीचच भांडी आपटायचा.

तिकडं तुळजाचा जीव लेकीपाशी अडकलेला. म्हणून रोज संध्याकाळी तो रक्षूला खांद्यावर घेऊन टेकाडावर जाई. गावात तेव्हा रेंज काय ती तिथंच. दिवसभरात पोरीनं काय काय केलं ते तो तिथं बसून तुळजाला लिहून पाठवी. आज रक्षूनं पेजेत माती कालवली. आज तिनं बैलाला काका म्हटलं आणि बैलानं ओ दिली. तुळजा ते वाचून हसायची, डोळे पुसायची, सोबतच्या बायकांना वाचून दाखवायची. त्यांतली प्रियांका सिस्टर एकदा म्हणाली, "अक्का, भाऊजी येवढं ग्वाड लिहित्यात. ब्लॉगवर टाकायला सांगा की." तिनंच तो उघडून दिला. नाव शिवानंदनं सुचवलं, 'रक्षूचा बाबा'.

जंगलातल्या खेड्यात एक पुरुष लेकीची वेणी घालतो, तिला न्हाऊ घालतो, याचं लोकांना मोठं अप्रूप वाटलं. पुण्या-कोल्हापुराकडून, गोव्याहून, कुठून कुठून माणसं वाचू लागली. आधी नुसतं लिहिणं होतं, मग फोटो आले, मग व्हिडिओ. लहान मुलांच्या तेलाच्या, खाऊच्या कंपन्यांचे फोन येऊ लागले. रक्षूनं त्यांची बिस्किटं खायची आणि त्यानं त्यावर चार ओळी लिहायच्या. घरावर नवे पत्रे चढले. बेळगावात एका महिला मंडळानं त्याला शाल घातली. तो परत आल्यावर लक्ष्मण अंगणात येऊन म्हणाला, "शिवानंदराव, आमच्या होमस्टेचं बी कायतरी टाका की तुमच्या त्यात."

त्या 'राव'नं शिवानंदच्या काळजाला काय गारवा दिला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तुळजाला वेगळं काही लिहून पाठवायचं मात्र हळूहळू राहून गेलं. तिनं विचारलंच तर तो म्हणे, "ब्लॉगावर हाय की. वाच की तिथं."

'रामनगर' म्हणतानाचा तो व्हिडिओ लाखांनी पाहिला. लोकांनी आशीर्वाद दिले, बदाम खायला घालायचे उपाय सुचवले, एकीनं तर नवस बोलल्याचं कळवलं. सुट्टीला आलेल्या तुळजानं पिशवी खाली ठेवायच्या आधीच विषय काढला.

"अवं, ते काढून टाका."

"का? लोकांचा केवढा जीव जडलाय पोरीवर!"

"लोकांचा जडू दे. तिला उद्या मोठ्या शाळंत जायचं हाय. तिचं अडखळणं असं पाटीवर लिवून लावायचं व्हय?"

"तू दवाखान्यात असतीस," शिवानंद म्हणाला. "मी असतो हितं. मला कळतंय तिचं."

तुळजाचा चेहरा पडला. ती आत गेली आणि त्या सुट्टीत पुन्हा त्यावर बोलली नाही. ते वाक्य तोंडातून निघाल्याबरोबर आपण चुकलो, हे त्याला कळलं होतं. पण व्हिडिओ त्यानं काढला नाही. पाठोपाठ आणखी तीन-चार टाकले. रक्षू आणि 'कणकुंबी', रक्षू आणि 'कृष्णमूर्ती'. ती न कुरकुरता म्हणायची. बाबा हसतो म्हणून म्हणायची.

सातवी झाल्यावर रक्षिता रामनगरच्या हायस्कुलात गेली आणि आईच्या खोलीवर राहू लागली. गुंदच्या घरात शिवानंद आणि त्याची आई, दोघंच उरले. त्यानं जुने फोटो काढून 'आठवणीतली रक्षू' सुरू केलं. तेही चाललं.

दिवाळीच्या आधी तुळजाचा फोन आला. पोरगी वर्गात तोंडच उघडत नव्हती. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. मास्तरांना आधी ती माजोरी वाटली, मग त्यांच्या कानावर आलं की पोरं तिला 'र-र-रामनगर' म्हणतात. वर्गातल्या एकानं तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला होता.

"पोरं हायत," शिवानंद म्हणाला. "चार दिवस चिडवतील आन् इसरतील."

 तुळजा म्हणाली, "सुट्टीला घिऊन येते तिला."

त्या सुट्टीत एका कंपनीनं दप्तर पाठवलं होतं. निळं, छान होतं. शिवानंदनं ते रक्षिताच्या पुढ्यात ठेवलं, उजेड बघून तिला अंगणात बसवलं आणि फोन धरला. "दोनच वाक्यं बोल, बाळा. माझी हायस्कूलची गोष्ट म्हणून टाकू."

रक्षितानं दप्तराला हात लावला नाही.

"बाबा, त्यो फ-फ-फोन खाली ठेव."

"बोल की, बोल. असं पण चांगलं येतंय."

हे तो सवयीनं बोलून गेला. फोनही वरच राहिला. त्या चौकटीत त्यानं आपल्या लेकीचा चेहरा लाल होताना पाहिला, मानेची शीर ताठ होताना पाहिली.

"स-सगळ्यांना माझं सगळं ठ-ठावं हाय," ती म्हणाली. एकेक शब्दाला तिला किती वेळ लागत होता! "मी कवा पडले, कवा रडले, च-चड्डीत कवा... सगळं. मला कुणाचंच काय ठावं न्हाई. मी कुणाला काय सांगू आता? माझ्यापाशी क-काय ऱ्हायलंच न्हाई."

फोन खाली आला. म्हातारी येसू आतून विचारत होती, "काय झालं रं? पोरगी का रडाय लागली?" रक्षिता रडत नव्हती. ती उठून आत गेली, आणि संध्याकाळी जेवायला बसली तेव्हा म्हणाली, "तुमी वाढून घ्या, बाबा." जन्मापासून ती त्याला 'तू' म्हणत आली होती.

त्यानं तो व्हिडिओ काढला. मग बाकीचेही काढले. पण ते कुणी कुणी उतरवून ठेवले होते, दुसरीकडं लावले होते, कुणी त्यावर गाणं चढवलं होतं. तो अनोळखी माणसांना विनंत्या लिहीत राहिला. काहींनी काढलं. एकानं उलट लिहिलं, 'तुम्हीच टाकलं होतं ना काका?' पुढं शिमग्याच्या सुमारास शिवानंदनं सगळा ब्लॉगच बंद केला. कंपन्यांचे फोन आधी रागावले, मग यायचे थांबले. कुळगीला कामाचं विचारून आला. तिथं आता नवी, इंग्रजी बोलणारी पोरं होती. त्यानं आपल्या भातशेतीत मन घालायचा प्रयत्न केला.

बांधावर बसला की तो रक्षूचं लहानपण आठवू बघे, आणि त्याच्या ध्यानात यायचं की जे लिहिलं होतं तेवढंच आठवतंय. बैलाला काका म्हटलेलं आठवायचं, तेही त्याच्याच वाक्यात. ज्या दिवसांवर त्यानं काही लिहिलं नव्हतं, ते दिवस कुठं गेले? पोरीजवळ चोवीस तास असलेला बाप तो. आणि त्याच्यापाशीही काही राहिलं नव्हतं.

दहावीच्या वर्षी शाळेत भाषणाची स्पर्धा होती. मास्तरांनी मागं लागून रक्षिताचं नाव घातलं. तुळजानं फोनवर सांगितलं, आणि मग जरा चाचरत म्हणाली, "तुमी आला तरी आत बसू नका म्हणती. भाईरच थांबा."

"व्हय," शिवानंद म्हणाला. "भाईर थांबतो."

तो स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात थांबला. शाळा तिथून फार लांब नव्हती, लाऊडस्पीकरही लावला होता. पण गोव्याकडं जाणारे ट्रक एकामागून एक घाट उतरायला निघालेले. मध्येच एखादा शब्द यायचा, कुणाचा ते कळायचं नाही. त्याचा चहा कपातच गार झाला.

दोघी आल्या तेव्हा तुळजाचे डोळे ओले होते. "बोलली," ती म्हणाली. "थांबत थांबत, पर शेवटापत्तुर बोलली. पोरं गप ऐकत हुती."

"काय बोलली?"

तुळजानं लेकीकडं पाहिलं. रक्षिता रस्त्याकडं बघत होती. शिवानंदनं पुन्हा विचारलं नाही.

शेजारच्या टेबलावर गोव्याला निघालेलं एक कुटुंब भजी खात होतं. त्यातली बाई मघापासून वळून वळून पाहत होती. शेवटी ती उठून आलीच. "अहो, ही रक्षू ना? ब्लॉगमधली? अगं बाई, किती मोठी झालीस! माझी मुलगी तुझे व्हिडिओ बघत बघत जेवायची. अजून बोलताना अडकतेस का गं?" तिनं पर्समधून फोन काढला. "एकच फोटो हं."

रक्षिता आईच्या मागं सरकली.

शिवानंद उठून मध्ये उभा राहिला. "न्हाई ताई. ही ती न्हवं."

"असं कसं? आणि तुम्ही तर रक्षूचे बाबा! मी पाहिलंय की तुम्हाला."

"तुमचा कायतरी घोटाळा होतोय," तो म्हणाला. "मी त्यो न्हवं."

बाई दोघांच्या चेहऱ्यांकडं आळीपाळीनं बघत राहिली. "हुबेहूब हो," असं पुटपुटत ती परत गेली. तुळजानं पदरानं तोंड पुसलं. रक्षिता बापाकडं पाहत होती. कितीतरी दिवसांनी तिनं असं सरळ पाहिलं होतं. तेवढ्यात गुंदकडची बस लागली.

सुट्टीला घरी निघालेल्या मायलेकी पुढच्या सीटवर बसल्या, शिवानंद त्यांच्या मागं. रामनगर मागं पडलं, दोन्ही बाजूंनी झाडी सुरू झाली. थोड्या वेळानं रक्षिता आईच्या कानाशी वाकून काहीतरी सांगू लागली. मोठं काहीतरी असावं. तिचे हात हलत होते, मध्येच ती थांबायची, परत सुरू करायची, आणि तुळजा तोंडावर हात धरून हसत होती. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. थोडं पुढं वाकलं असतं तर आलं असतं.

शिवानंद सीटला पाठ टेकून बसून राहिला.